पेटलो म्हणजे चालू नव्हे

मी बोलतोय, गाडीतला इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा. आकार नीट जमलेला नाही, मान्य आहे; कित्येकांना मी किटली वाटतो.

कारखान्यात मला एवढंच शिकवलं: किल्ली फिरली की क्षणभर पेटायचं, इंजिन सुरू झालं की विझायचं. पेटूनच राहिलो तर आत काहीतरी बिघडलंय. लुकलुकलो तर गाडी ताबडतोब बाजूला घ्यावी.

माझे मालक निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी स्वतःच अर्थ लावला. "इंजिनाचं चित्र पेटलंय, म्हणजे इंजिन चालू आहे!" वर्षभर ते हे शेजाऱ्यांनाही शिकवतायत.

परवा त्यांची लेक दूरदेशी शिकून परतली. तिला वाटलं होतं, आता घरच्यांना जगाचे मोठे प्रश्न समजावायचे: हवा, नद्या, भविष्य. स्टेशनवरून येताना बाबांशेजारी बसली, तर समोर मी. लुकलुकत.

"बाबा, थांबवा! हा असा का करतोय?"

"तू आलीस ना, खूश आहे तो."

काल संध्याकाळी तिने स्टिअरिंगखालच्या खाचेत एक छोटं यंत्र खोचलं. वर्षभर माझ्या पोटात साठलेलं सगळं त्याच्या पडद्यावर आलं: दुसऱ्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकतेय, न जळलेलं पेट्रोल धुराड्यात जातंय. मग हवेपासून सुरू करून तिने चाळीस मिनिटं भाषण दिलं. बाबांना छान डुलकी लागली.

आई नर्स. तिने शांतपणे विचारलं, "मला सकाळी घाटापलीकडच्या दवाखान्यात जायचंय. मी एकटीच आहे ड्यूटीवर. गाडी पोचेल का, तेवढं सांग."

भाषणात याचं उत्तर नव्हतं. लेक ओशाळली. "घाटात बंद पडू शकते, आई."

"घाबरवू नकोस तिला," बाबा जागे झाले. "वर्षभर पेटलाय. इंजिन चालू असल्याशिवाय का?"

"आईच्या दवाखान्यात ताप चढला की पेशंट ठणठणीत म्हणतात का, बाबा?"

आई फिस्सकन हसली. बाबा चष्मा पुसू लागले. मुख्याध्यापक हरले की चष्मा पुसतात.

आज सकाळी ते किल्ली शोधत अंगणात आले. किल्ली लेकीच्या मुठीत होती.

"आईला पहिल्या बसमध्ये बसवून आले. मेकॅनिक येतोय."

"घरात गाडी असताना बसने पाठवलंस? एवढं शिकून हेच दिवे लावलेस?"

"लावले नाहीत, बाबा. एक विझवायला घेतलाय. आणि भाषण मी देणार नाही. मेकॅनिक काय सांगतो ते नीट ऐका, शेजाऱ्यांना तुम्हालाच पुन्हा शिकवायचंय."

बाबांनी घसा खाकरला आणि खडू शोधल्यासारखा खिसा चाचपला.

थोड्या वेळाने मी विझेन. हळहळू नका. माझ्या जातीत विझणाऱ्यानेच काहीतरी दिवे लावलेले असतात.