बोटभर तेल

खुलासा. पहिला कागद.

"सायेब, मी बुशाला तेल लावलं न्हाई."

एवढं लिहून कोंडाजीनं कागद फाडला. कारण तेल लावलं होतं.

बोटभर.

तर हे मुळापासून सांगायला हवं. साल एकोणसत्तर. तळेगावजवळ तारेचा एक कारखाना. इंदुरीचा कोंडाजी तिथं अकरा वर्षं तेलवाला, म्हणजे टाकीकडचं फिरतं ते सगळं तेलात ठेवणारा. ॲसिडात बुडवून काढलेली तार एका टाकीत धुतली जाई. टाकीतले रोलर ज्यात फिरत, त्या गनमेटलच्या जाड कड्यांना बुश म्हणत. तारेबरोबर आलेलं ॲसिड पाण्यात उतरे आणि बुश कुरतडत राही. कोंडाजीनं पाळीगणिक तेल घातलं तरी दोन महिन्यांत बुश खलास.

ते बदलायचे तर टाकी रिकामी करायला हवी. पण त्यात अर्धा दिवस मोडतो. म्हणून भरल्या टाकीत हात घालायचा तो बारकूनं. बारकू औंढ्याच्या वरच्या ठाकरवाडीतला. उकडलेला बटाटा सोलावा तशी त्याच्या हातांची कातडी कोपरापर्यंत निघत असे.

मग पुण्याहून आलेल्या इंजिनिअर साहेबांनी दसऱ्याच्या तोंडावर नायलॉनचे दोन बुश आणले. एक टाकीत बसवला, एक कपाटात ठेवला. म्हणाले, "ह्याला हे पाणी खात नाही. आणि तेलही लागत नाही."

महिपती फिटरनं कोपरानं ढोसलं. "कोंडाजी, सवत आली रं तुजी. कशी गोरीपान हाय बघ!"

सगळे हसले. कोंडाजीही हसला, उशिरानं.

खंडेनवमीला मशीनची पूजा झाली. कोंडाजी दरवर्षी प्रत्येक बुशाला बोटभर तेल आणि कुंकू लावी. नव्या बुशावर साहेबांची चिठ्ठी होती: तेल घालू नये. "कामाला नगं घालू. पन सणासुदीचं कोरडं ठिवायचं व्हय?" असं म्हणत त्यानं दोघांनाही लावलं. टाकीतल्याला आणि कपाटातल्यालाही.

चौथ्या दिवशी टाकीतला रोलर जाम झाला. तार ताणली गेली, तुटली. साहेब वाकले, तर बुशाच्या बाहेरच्या कडेला तेलकट लाल ओघळ.

"पाच वाजेपर्यंत लेखी खुलासा द्या," एवढंच ते म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

दुसरा कागद.

"सायेब, बोटभर लावलं, पन"

पण काय?

"पन बिन काय न्हाई," महिपती म्हणाला. "चूक झाली म्हन. सायेब भला मानूस हाय, चार दिस घरी बसवंल. थेंबभर तेल सोसत न्हाई म्हनून बुश जातील माघारी, गनमेटल येईल. तुजं तेल चालू."

"आन् खरंच माज्या तेलानं अडाकला आसंल तर?"

"मंग तर खोटं लिवायचंबी पाप न्हाई!"

तिसरा कागद कोराच राहिला. कोंडाजी कपाटाकडे गेला. दुसरा बुश काढला. चार दिवसांचं तेल आणि कुंकू अजून अंगावर. तो रोलरच्या दांड्यावर चढवून फिरवला. गरगर फिरला. मग टाकीतून काढलेला, पुसून कोरडा केलेला घेतला. चढेचना.

तेलातला सैल, पाण्यातला घट्ट.

घरी कुदळीचा दांडा हलायला लागला की तो रात्रभर इंद्रायणीत बुडवून ठेवायचा. लाकूड पाणी पितं, फुगतं, दांडा आवळून बसतो. हेही पाणी प्यालंय! त्याला हसू आलं. लगेच गेलंही. हे बोललं की आपण सुटलो. आणि हे बोललं की तेलही सुटलं.

बाहेर बारकू हातांना करंजाचं तेल चोळत बसला होता.

"भाऊ, गनमेटलच बसवनार म्हनं?"

"कोन म्हनलं?"

"फिटर. बसवू द्या की. ह्या हातास्नी आता कुटं काय कळतंय! परवा बायकूनं पेटती काडी ठिवली बोटावर, मी बिडीच वडत होतो."

तो हसत होता. कोंडाजी त्याच्या हातांकडे बघत उभा राहिला. अकरा वर्षं. दर दोन महिन्यांनी. आपण तेल घालायचो आणि ह्यानं हात घालायचा.

पाचला तो साहेबांच्या टेबलापाशी गेला. कागद नव्हता, दोन बुश होते.

"दोगास्नीबी तेल लावलंय मी. चिठ्ठी वाचूनबी लावलं. ती माजी चूक. पन फुगलाय पान्यातला." मग कुदळीचं सांगितलं. "आदी उकळत्या पान्यात टाकून फुगू द्यायचा. फुगायचा तेवढा फुगला की मंग आतून लेथवर मापाला खरडायचा."

साहेबांनी व्हर्निअर लावून दोन्ही मापं घेतली. पुन्हा घेतली. "हे माझ्या लक्षात यायला हवं होतं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कपाटातला बुश सकाळपासून उकळला, संध्याकाळी खरडला, बसवला. दहा दिवस रोलर तेलाशिवाय, नुसत्या पाण्यावर फिरला. साहेबांनी सोळा बुशांची ऑर्डर लिहायला घेतली. लिहिता लिहिता थांबले.

"कोंडाजी, तेल घालायला तुमच्याकडे टाकीशिवाय दुसरं काय आहे?"

"दोन पंखं अन् फाटकाची बिजागरी."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "बुश आले की उकळायचं काम तुम्ही करा," ते म्हणाले. "आठ दिवस तरी जातील. तोवर मी वर बोलून बघतो."

बुश आले. शेडमागं तीन दगडांवर पातेलं चढलं. महिपती येऊन बघून गेला. "आठ दिसांसाठी जन्माचं काम घालवलंस, येड्या."

"व्हय," कोंडाजी म्हणाला. मग जाळाशी बसलेल्या बारकूला म्हणाला, "जाळ सारखा ठेव. आन् हात लांब."