बारा वर्षं न धुतलेला पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे, आणि आधीच कबूल करतो, मी गुन्हेगार आहे. चोरीमारी नाही केली हो, नुसता गप्प टांगून राहिलो. पण तेवढ्यानंही एखाद्याचं वाटोळं होतं.

एका चित्रकार बाईंनी पांढऱ्या सुती कापडातून मला शिवलं आणि आपल्या खोलीच्या मोठ्या खिडकीवर लावलं. त्यांच्या चित्रांत झाड नसे, घर नसे, माणूस नसे. नुसते रंगांचे थर आणि त्यांच्या आडून येणारा उजेड. माझ्यातून ऊन गाळून आत आलं की त्या म्हणत, असा उजेड दुसरीकडे कुठे नाही. झालं, मी हरभऱ्याच्या झाडावर!

त्यांच्या सोबत राहणारी नणंद मला धुवायला मागे. उजेड बिघडेल म्हणून बाई नको म्हणत. मलाही बरंच वाटे, पिळून निघायचं वाचलं.

बारा वर्षं गेली. धूळ, ऊन, तेलरंगांचा वास, स्टोव्हचा धूर. मी पिवळा पडत गेलो. इतका हळूहळू, की रोज बघणाऱ्यांना कळलं नाही. मला मात्र कळत होतं. माझ्या उजेडात निळा रंग मळकट दिसे, म्हणून बाई त्यावर आणखी निळा चढवत.

मग त्यांचं पहिलं मोठं प्रदर्शन लागलं. तिथल्या स्वच्छ उजेडात सगळी चित्रं निळ्यात बुडालेली, गारठलेली दिसली. लोक आले तसे गेले. बाईंनी डोळे तपासून घेतले. घरी येऊन म्हणाल्या, "डोळे उत्तम आहेत, वन्सं. म्हणजे मीच संपले." आणि ब्रश बांधून माळ्यावर टाकले.

मला तोंड असतं तर? खरं सांगू, तरी बोललो असतो की नाही, कोण जाणे. कौतुकाची चटक फार वाईट.

आता चित्रं नाहीत तर पडदा तरी धुऊ द्या, म्हणत नणंदेनं मला बादलीत बुडवलं. पाणी चहासारखं झालं. बाई दारातून बघतच राहिल्या.

"बारा वर्षं मी यातून बघत होते," त्या म्हणाल्या, आणि फरशीवर बसून रडल्या.

आता त्या उघड्या खिडकीपाशी पुन्हा रंगवतात आणि मला फाडून केलेल्या तुकड्यांना ब्रश पुसतात. पण सत्तरी आली, हात थरथरतो. ती बारा वर्षं मी कुठून आणून देऊ?

मित्रांनो, आवडती वस्तू नुसती जपू नका, धूतही जा. आणि काही चुकलं तर स्वतःला नावं ठेवण्याआधी उजेड कुठून येतोय ते बघा. बाईंना हे कोणी सांगितलं नाही. ठाऊक फक्त मला होतं.