टोपीवाल्या वीराचा टाक

शुभदाबाईंनी पेन काढलं आणि लग्नपत्रिकेच्या मसुद्यातली चौथी ओळ सरळ खोडून टाकली. विचारणं नाही, पुसणं नाही!

खंडोबा प्रसन्न, भवानी प्रसन्न, ग्रामदैवत प्रसन्न, हे सगळे राहिले. गेले ते फक्त 'श्री वीर हंसाजीबाबा प्रसन्न'.

"हे कोण आणखी?" शुभदाबाई म्हणाल्या. "आमच्याकडे असलं काही नसतं."

सुरेखाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण समोर होणारे व्याही, शुभदाबाई आणि निशिकांतराव, बसलेले, शेजारी लेक जाई आणि तिचा सौमित्र. २०१४च्या त्या रविवारी सगळे परदेशात, सुरेखाच्या बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये जमले होते ते पत्रिका एकदाची नक्की करायला. तिने गोडीतच सांगितलं, "ते आमच्या घराण्याचे मूळ पुरुष. देव्हाऱ्यात टाक आहे त्यांचा, चांदीचा. या, दाखवते."

देव्हाऱ्यात बाकीचे टाक ओळीने उभे होते. हंसाजीबाबांची जागा रिकामी. सुरेखाने नवऱ्याकडे पाहिलं, तर प्रतापराव वर पंख्याकडे पाहायला लागलेले.

"अहो, बाबा कुठेत?"

"तांदळाच्या डब्यात," ते पुटपुटले. "देव प्रवासाला निघाले की तांदळातच ठेवतात ना... म्हटलं, आजचा दिवस."

"आजचा दिवस! स्वतःच्या मूळ पुरुषाला कुठे पाठवत होतात हो, सीमेपलीकडे जोहोरला?"

तिने डब्यात कोपरापर्यंत हात घालून टाक बाहेर काढला. तळहाताएवढा चांदीचा पत्रा. त्यावर तलवार घेतलेला माणूस, आणि डोक्यावर पगडी नाही, चांगली रुंद काठाची टोपी.

"ही हॅट आहे?" निशिकांतरावांनी चष्मा सावरला.

"हॅटच. जर्मन होते ते. हान्स नाव. कंपनी सरकारच्या फौजेत शिपाई. ज्या गावावर तोफ लावायची, त्याच गावात पाणी मागायला गेले. पाणी प्यायले आणि म्हणाले, आता या लोकांवर मी गोळा टाकायचा नाही. फौज सोडून पळाले, तिथेच राहिले, तिथल्याच मुलीशी लग्न केलं. पुढे दरोडेखोर आले तेव्हा वेशीवर लढताना गेले. म्हणून वीर."

शुभदाबाईंचा चेहरा एकदम खुलला. "अय्या, जर्मन! मग तसं लिहा ना, 'जर्मन सेनाधिकारी हान्स यांचे वंशज'. आमच्या काँडोत किती छान दिसेल! फक्त ते बाबा आणि प्रसन्न नको."

आता मात्र सुरेखाला राहवेना.

"अधिकारी कसले हो! साधे शिपाई, तेही पळून आलेले. आणि जर्मन म्हणून नाही पुजत आम्ही त्यांना. गावाचे झाले म्हणून पुजतो. ते गेल्यावर लोक सोनाराला सांगत होते, पगडी घडव, म्हणजे आपल्यातले दिसतील. त्यांची बायको दुकानासमोर ठाण मांडून बसली. टोपी घडवून होईपर्यंत उठली नाही. त्या बाईने सव्वादोनशे वर्षांपूर्वी लपवलं नाही, आणि मी आज लपवू? पत्रिकेवर ते येणार, आणि हंसाजीबाबा म्हणूनच येणार!"

"मग आम्हालाही सगळाच पुन्हा विचार करावा लागेल," निशिकांतराव थंडपणे म्हणाले.

आपल्या तोंडाने आपण लेकीचं लग्न मोडतोय की काय? सुरेखाला खरंच भीती वाटली. पण हातातला टाक काही तिने खाली ठेवला नाही.

जाई उठली. "काका, तुमच्या घरी मीही बाहेरूनच येणार आहे. माझं काय काय खोडणार आहात, ते आजच सांगून ठेवा."

सौमित्रने आईच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि खोडलेल्या ओळीवर तीच ओळ पुन्हा लिहिली, पहिलीपेक्षा मोठ्या अक्षरात.

"आई, हे राहणार लाह," तो इथल्या बोलीच्या ढंगात म्हणाला. "नाहीतर पत्रिकाच नको. रजिस्ट्रीत सह्या करतो आणि मोकळे होतो."

"वाट्टेल ते बोलू नकोस!" शुभदाबाई म्हणाल्या. पण पेन काही त्यांनी परत मागितलं नाही. निशिकांतरावांनी गार झालेला चहा उचलला.

सुरेखाने टाकाला चिकटलेले तांदूळ ओढणीने पुसले आणि टाक नवऱ्याच्या हातात दिला. "ठेवा. तुमच्याच हाताने. आणि मधोमध."

प्रतापरावांनी टाक मधोमध ठेवला, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच सुरेखाने त्यांना त्या टोपीवाल्यापुढे गुडघे टेकताना पाहिलं.