पायरीखालचं बोट

मी एक जुना पुठ्ठा आहे. माझ्यावर दहा पायऱ्यांची शिडी छापलेली आहे. रंग उडाला, एक कोपरा उंदरांनी कुरतडला, पण मित्रांनो, पायऱ्या अजून दहाच आहेत.

माझा जन्म १९८६ सालचा, हैदराबादच्या एका छापखान्यातला. चित्र मात्र परदेशातल्या एका जाड पुस्तकातून उतरवलं होतं. त्या पुस्तकाचं म्हणणं असं, की माणसाला शिडी दाखवून 'तुम्ही आयुष्यात कितव्या पायरीवर आहात?' असं विचारावं. जो स्वतःला वर ठेवतो, त्याच्यात पुढे जाण्याची जिद्द असते. आदिलाबादेतल्या एका संस्थेने त्यावरून नियम केला : ज्या गावाची सरासरी पाचच्या वर, त्या गावाला पाळणाघर.

मला घेऊन त्या संस्थेचे कार्यकर्ते, मावल्याचे यशवंतराव, भैंशाकडच्या एका गावात गेले. कापूसवेचणीचे दिवस होते. गयाबाई ओळीत वेचत होती आणि तिची सात वर्षांची रुख्मिणी बांधावर धाकट्या भावाला सांभाळत होती. तिचं नाव पहिलीत घातलेलं होतं, पण शाळा तिने आतून पाहिली नव्हती. पाळणाघर आलं की ती शाळेत जाणार होती.

यशवंतरावांनी मला पुढे धरलं. गयाबाईने बोट ठेवलं ते पहिल्या पायरीच्याही खाली, जमिनीवर.

"बाई, पायरीवर ठेवा. खाली काऊन ठेवून राह्यल्या?"

"भाऊ, सगळेच चढले तं शिडी कोन धरन?"

शेजारच्या रेणुकाबाई हसल्या. "आमचे दादाजी गंजीवरून पडले ना मांगच्या साली. धरनारा बिडी प्याले गेल्ता. तवापासून गयाच धरते."

त्या गावात कडब्याची गंजी रचताना शिडीचा पाय ज्याच्यावर भरवसा त्याच्याच हाती देत. गयाबाईने मानाची जागा सांगितली होती. मग रेणुकाबाईंनीही तिथेच बोट ठेवलं, आणि एकेक करून बहुतेक बायकांनी.

कागदावर त्या जागेला शून्य हा एकच आकडा होता. यशवंतरावांनी शून्य लिहिलं आणि समासात बारीक अक्षरात गयाबाईचं वाक्य लिहिलं. संस्थेचे साहेब म्हणाले, "समासातलं सरासरीत कसं धरायचं?" गावात जिद्द नाही, असा शेरा बसला. पाळणाघर दुसऱ्या गावाला गेलं.

हे सांगायला यशवंतराव स्वतः आले. गयाबाईने वेचलेला कापूस कमरेच्या ओटीत टाकला. मग म्हणाली, "हे म्हाईत असतं तं वरची पायरी सांगतली असती, भाऊ. तुमी खरं इचारलं म्हनून खरं सांगतलं."

जाताना त्यांनी मला रुख्मिणीच्या हातात दिलं. भावाला मांडीवर घेऊन ती माझ्या पायऱ्या बोटाने मोजायची. पुढच्या वर्षी तिच्याही कमरेला कापूस वेचायची ओटी आली आणि मी ज्वारीच्या डेऱ्यावर झाकण झालो.

आता १९९८ उजाडलं आहे. रुख्मिणीला दहापर्यंतच मोजता येतं. माझ्या पाठीवर तो प्रश्न अजून छापलेला आहे. तो तिला वाचता येत नाही.

मित्रांनो, मोठे होऊन तुम्हीही कुणाला मोजायला जाल. तेव्हा माझ्यासारखं चित्र जरूर न्या. पण आधी तिथे बसून विचारा, तुमच्याकडे शिडी कशी लावतात, आणि खाली कोण उभं असतं. आणि कागदावर समास ठेवाल, तर तो वाचा.