चपला बाहेर

साजगावच्या आमच्या कारखान्यात १९८८ साली नवा कॉम्प्युटर आला आणि कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढायचा नियम साहेबांनी मोडीत काढला. तो नियम जुनी मशीन सांभाळणाऱ्या भिवाजीदादांचा होता. त्यांच्या स्वतःच्या चपलेचा अंगठा तांबड्या वायरनं बांधलेला, पण रोज माझ्यावर खेकसायचे, "विमल, चपला भायेर काढ गं, मशिनीत धूळ जाते!" मला भयंकर राग यायचा. आदल्याच वर्षी दादा वारले होते.

जुन्या मशिनीवर त्यांनी एक खेळ लिहिला होता. त्यात एका माणसाला चालवत दारातून आत न्यायचं. जेवणाच्या सुट्टीत मी त्या खेळाची फ्लॉपी नव्या मशिनीत घातली. माणूस सुसाट पळाला आणि खेळ क्षणात संपला. मग मशिनीच्या डब्यावरचं टर्बोचं बटण दाबून तिचा वेग कमी केला. आता तो पूर्वीसारखा चालत आला आणि दाराशीच थांबला. सगळी बटणं दाबली, तरी हलेना.

"मेल्या, जा की आत!" मी ओरडले.

तो मान खाली घालून बघत होता. मीही खाली बघितलं. माझ्या पायात चपला होत्या.

त्या काढायला मी धावत दाराबाहेर गेले. तिथे एक जोड आधीच काढून ठेवलेला होता. अंगठ्याला तांबडी वायर होती.