दोन नंबरचं स्टिकर

इस्पितळाच्या तळमजल्यावर, माझ्या स्टोअरला लागून, एक थंडगार खोली आहे. तिथल्या लोखंडी रॅकमध्ये एकावर एक तीन सर्व्हर. अकरा वर्षं अखंड चालू. रुग्णांचे सगळे स्कॅन त्यांच्या पोटात, आणि प्रत्येक स्कॅन तिघांपैकी दोघांकडे, म्हणजे एक आडवा झाला तरी काम थांबत नाही. माणसांच्या बाबतीत आमच्याकडे एवढी सोय नाही. कारकून रजेवर गेला की खिडकी बंद.

या तिघांना सांभाळतात वहिनी. खरं तर त्या वहिनी एकट्या आमच्या नव्या प्रशासकसाहेबांच्या. पण ते भर मीटिंगमध्ये तसं म्हणाले आणि सगळ्या इस्पितळाने ते उचललं.

मंगळवारी सकाळी साडेनऊला पडद्यावर लाल ओळ आली : दोन नंबर बंद. वहिनींनी नोंदवहीत वेळ लिहिली आणि दारावर कागद डकवला, 'दुपारपर्यंत कोणी हात लावू नये.' उरलेले दोघे गेलेल्या प्रती नव्याने तयार करत होते. तोवर कित्येक स्कॅन एकेकाकडेच उरले होते. त्यातला एक अकराला ऑपरेशनला जाणाऱ्या बाईच्या मेंदूचा. तो समोर असल्याशिवाय सर्जन सुरुवात करणार नव्हते.

दहाला साहेब सर्व्हरच्या कंपनीच्या माणसाला घेऊन आले. नवा सर्व्हर माझ्या स्टोअरमधून निघाला होता, म्हणून मीही मागोमाग आत गेलो.

"मेलेला काढा, नवा बसवा."

कंपनीच्या माणसाने '२' स्टिकरच्या मधल्या सर्व्हरला हात घातला. वहिनी मध्ये शिरल्या आणि रॅकला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"हा दोन नाही."

"लिहिलंय की, ताई."

"लिहिलंय खरं. खोली रंगवताना स्टिकर काढले आणि देखभालवाल्यांनी अंदाजाने परत लावले. दोन सगळ्यांत खाली आहे. हा तीन. जिवंत आहे."

"मग बदलले का नाहीत?" साहेब म्हणाले.

"तीनदा अर्ज केला. पेनाने आकडा लिहिला, तर सामान विद्रूप केल्याचा मेमो मिळाला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खोकलो. अर्जावर देखभाल विभागाची सही नाही म्हणून तिन्ही वेळा मीच तो परत पाठवला होता. अगदी नियमाला धरून.

साहेबांनी आवाज मऊ केला. "वहिनी, घरी मी तुमचा शब्द खाली पडू देत नाही. इथे माझं ऐका."

"भाऊजी, घरी फ्यूज उडाला की तुम्ही मलाच हाक मारता."

"हा हुकूम आहे."

"मग लिहून द्या. 'मधला सर्व्हर ओढा', खाली वेळ आणि सही. मी लगेच बाजूला होते." त्यांनी नोंदवही पुढे केली.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. नोकरीत मी पुष्कळ पेनं वाटली, पण कागदापासून बोटभर वर इतका वेळ थांबलेलं पेन पाहिलं नव्हतं.

"तुम्ही," वहिनी कंपनीच्या माणसाला म्हणाल्या, "पडद्यावरून तीन नंबरला दिवा लुकलुकवायला सांगा."

त्याने सांगितलं. वहिनींच्या पाठीमागे, '२' स्टिकरच्या शेजारी, निळा दिवा लुकलुकू लागला. कंपनीच्या माणसाने दोन्ही हात खिशात घातले. साहेबांनी टोपण लावलं.

"तर मग खालचा काढा," साहेब पुटपुटले.

"तोही आत्ता नाही. म्हातारे आहेत तिघे. शेजारच्याला धक्का लागला तरी यांचा भरवसा नाही. प्रती पूर्ण होऊ देत." त्यांनी खुर्ची ओढली आणि रॅकसमोर ठाण मांडलं. अकराला वरून फोन आला, स्कॅन दिसतोय. त्या उठल्या नाहीत. दीडला शेवटची प्रत झाली, मग स्वतः उभं राहून त्यांनी खालचा काढून घेतला.

संध्याकाळी मेमो आला : तोंडी हुकूम न पाळल्याचा खुलासा करावा. वहिनींनी तिथेच खाली लिहिलं, 'पाळला नाही हे खरं. सर्व्हर जिवंत होता. पुन्हा कोणी ओढायला आलं तर पुन्हा मध्ये उभी राहीन.'

मग माझ्या खिडकीशी येऊन हात पुढे केला. "स्टिकर."

"अर्ज?" मी सवयीने म्हणालो.

हात तसाच राहिला. मी त्यावर तीन स्टिकर ठेवले आणि रजिस्टर उघडलं. "कारणाच्या रकान्यात काय लिहू?"

"लिहा, हिसकावून नेले."

मी तसंच लिहिलं.