शमिकाचं रोप

"काकाजी, बच्चों को मरा हुआ पौधा नहीं दिखाते," दिग्दर्शक आशिषजी म्हणाले, आणि विश्वंभरकाकांनी कुंडीतलं सडलेलं टोमॅटोचं रोप उपटलं. सकाळचे सात वाजले होते. मुलं साडेआठला येणार. तोवर तेवढ्याच उंचीचं दुसरं रोप बसवायचं, माती दाबायची, पाणी शिंपायचं. रेल्वेच्या बागेत जन्म घालवून निवृत्त झालेल्या माळ्याला हे काम म्हणजे हातचा मळ.

'गमला टोली' ही चार-पाच वर्षांच्या मुलांना बागकाम शिकवणारी टीव्ही मालिका. चित्रीकरण झाशीतल्या एका बंगल्याच्या आवारात चालायचं. सहा मुलं, सहा कुंड्या. ऑक्टोबरात बी पेरायचं, फेब्रुवारीत टोमॅटो तोडायचे, एवढीच गोष्ट. पडद्यावर सगळं उगवायचं. मेलेलं काकांच्या टोपलीतून मागच्या दारानं जायचं.

मुलांत शमिका एकटीच मराठी. तीही काकांच्याच नगरा मोहल्ल्यातली, त्यांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहणारी. मराठी तिला सगळी कळायची, बोलायची मात्र हिंदी. पाणी इतकं घालायची की रोप पोहायला शिकलं असतं. तिचं पहिलं रोप मुळाशी सडलं, दुसरं खारीनं कुरतडलं, तिसरं जानेवारीच्या थंडीनं करपलं. तिन्ही वेळा काकांनी ते बदललं. आपण फसवतोय असं त्यांना कधी वाटलं नाही. लेकरं खूश आहेत ना, मग झालं.

जानेवारीच्या शेवटी शमिकाला ताप आला. चौथ्या दिवशी ती गेली.

आठवडाभर काम बंद राहिलं. मग आशिषजींनी शमिकाची पिवळी टोपी सलोनी नावाच्या मुलीच्या डोक्यावर घातली, कॅमेरा तिच्या पाठीमागे ठेवला आणि टोमॅटो तोडून घेतले. माणूस वाईट नव्हता. सांगताना त्याचा आवाज चिरकला होता. पण काकांना त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःच्या टोपलीची किळस आली.

शेवटच्या दिवशी शमिकाची आई शिल्पा आली. "काका, तिनं पेरलेलं झाड मला द्याल का?" ती म्हणाली. "तिच्या हातचं तेवढंच राहिलंय."

खरं सांगायला काकांची जीभ रेटेना. त्यांनी कुंडी उचलली आणि रिक्षात तिच्या पायाशी नेऊन ठेवली.

त्यानंतर दर रविवारी ते तिच्याकडे जाऊ लागले. काठी बांधून दिली, खत घातलं, पिवळी पानं कशी खुडायची ते दाखवलं. शिल्पा पानांवरून हात फिरवायची तेव्हा ते दुसरीकडे बघत. टोमॅटोचं आयुष्य ते किती? मेमधले लूचे गरम वारे सुरू झाले की हे टिकणार नाही, हे ओळखून त्यांनी मार्चपासूनच आपल्या घरी सावलीत एक रोप वाढवायला घेतलं होतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात शिल्पाच्या ओट्यावरचं झाड वाळून कोळ झालं. ती इलाइट चौराह्यावरच्या ऑफिसात गेली असेल अशी वेळ साधून काका टोपली घेऊन निघाले. बघतात तर ती ओट्यावरच बसलेली. टोपलीतलं हिरवंगार रोप तिनं पाहिलं. वाटेत दिसलं म्हणून घेतलं, असं काहीतरी काका सांगू लागले, पण वाक्य पुरं झालं नाही.

"काल टीव्हीवर शमिकाला टोमॅटो तोडताना दाखवलं," शिल्पा म्हणाली. "पाठमोरी. मी आई आहे, काका. मला पाठ ओळखता येते."

काका खाली बसले.

"नोव्हेंबरात एकदा घरी येऊन म्हणाली होती, 'मम्मी, वो मेरा वाला पौधा नहीं है.' मी दटावलं तिला. टीव्हीवाले कशाला खोटं करतील, म्हटलं. रडत झोपली त्या दिवशी. किती वेळा बदललंत?"

"तीनदा."

"म्हणजे हे वाळलेलं चौथं. याला तरी तिनं पाणी घातलं होतं?"

"दोनदा. ताप यायच्या आधी." हे मात्र खरं होतं, आणि खरं बोलताना काकांना रडू आलं.

"मग हे बदलू नका," शिल्पा म्हणाली.

ती आत गेली, तांब्याभर पाणी घेऊन आली आणि वाळलेल्या बुंध्याशी ओतू लागली. कुंडी भरली, पाणी काठावरून ओट्यावर वाहिलं. याचा आता काही उपयोग नाही, हे सांगणं माळ्याचं काम होतं. काकांनी तांब्या तिच्या हातून घेतला आणि पुन्हा भरून आणून दिला.